वजनाले बसलेल्या बाया

गिरजा, तू गेली त्याच्या आदल्या दिवशी आपण कळमेश्वर रोडले संत्री आणायले गेलो, तेव्हा गाडीत चार जणं होतो आणि संत्री फक्त आपल्याले पाहिजे होती. मागच्या बाकावर तुझ्या एका बाजूले गल्लीतली कमलाबाई, दुसऱ्या बाजूले शेवंताबाई. त्यायले काही घ्यायचं नव्हतं, कुठं उतरायचंही नव्हतं. त्या वजनाले आल्या होत्या. येताना तू म्हटलं, "शेवंताबाई, जराक तिकडं सरका, हे बाजू लय दबून राहिली." सख्ख्या सुनेचं न ऐकणारी शेवंताबाई गुपचूप सरकली.

घरी आलो. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर तू एक संत्रं सोललं, अर्धं मले दिलं. म्हटलं, आंबट आहे. मी म्हटलं, गोड आहे. तू म्हटलं, तुम्हाले तंबाखूनं चवच राहिली नाही. एवढ्यावरच थांबलं ते. मग जराक पडली ते उठलीच नाही. डॉक्टर म्हणाला, हृदय बंद पडलं, झोपेतच. मी त्याले विचारून घेतलं, गाडीच्या दचक्यानं तर नाही ना झालं. तो म्हणाला, बाबा, दचके पाठीले लागतात, हे वेगळं.

आता लोकं भेटायले येतात. चटईवर बसतात, पाणी पितात, मग आवाज बारीक करून विचारतात, शेवटी काय म्हणाल्या हो? मी सांगतो, आंबट म्हणाली. ते एकमेकाकडं पाहतात. त्यायले वाटते म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झाला. वाटू दे. जे म्हटलं ते सांगतो, पदरचं काहून जोडू.

वजनाच्या बायायचं मात्र कोणाले पटतच नाही. म्हणून पहिल्यापासून लिहितो. तुले माहीत आहे सारं, पण मले एकदा सरळ लावून पाहायचं आहे.

तुझ्या बापाच्या घरी माग, माझ्या बापाच्या घरी माग. दोन्हीकडं बंद पडले. मी गाडी शिकलो. तूच म्हटलं होतं, लुगडं विणून पोट भरत नाही तर विकून पाहू, आपल्याले सूत तर समजते. ही व्हॅन तेव्हाही नवी नव्हती. मागचे बाक काढून टाकले. गांधीबागेच्या ठोक बाजारातून लुगड्यांचे गठ्ठे भरायचे आणि गावोगावचे आठवडी बाजार करायचे, कधी खापा, कधी कळमेश्वर, कधी अजून कुठं. मागच्या दाराची कडी नीट लागत नव्हती म्हणून तू पुढं कधी बसलीच नाही. गठ्ठ्यांवर बसायची, एक हात दाराले.

आणि गाडीचा हिशोब उलटा होता. जाताना माल भरलेला, गाडी पाळण्यासारखी चालायची, तू गठ्ठ्यांवर घोरायची. येताना माल विकलेला, गाडी रिकामी, प्रत्येक खड्ड्याले तुझं डोकं टपाले लागायचं. जितका धंदा चांगला तितके दचके जास्त. तू मागून ओरडायची, "आज लय चांगला बाजार झाला, पाठ मोडली माझी." ज्या दिवशी काहीच विकलं गेलं नाही त्या दिवशी आपण दोघंही मऊ मऊ घरी यायचो आणि तोंडं पाडून बसायचो. अशी आपली गाडी. लोकायची बायको धंदा किती झाला ते गल्ल्याचा डबा उघडून पाहते, तू कंबर चोळून सांगायची.

तुझी विकायची तऱ्हाही लिहून ठेवतो. बाकीचे दुकानदार माल पसरवायचे, ओरडायचे. तू गाडीच्या मागच्या दारात पाय सोडून बसायची आणि म्हातारी बाई दिसली की एकच लुगडं काढायची, तिच्याच खांद्यावर टाकायची आणि दुसऱ्याच गोष्टी सुरू करायची. लेक कुठं दिली, गुडघे कसे आहेत. बाई गोष्टीत रंगायची, लुगडं खांद्यावरच. मग तू म्हणायची, "द्या बाई ते इकडं, ठेवून देतो." कोण देते मग ते परत. मी पुढं बसून बिडी ओढायचो आणि मनात म्हणायचो, ही बाई माझ्या घरात आहे हे बरं आहे, समोरच्या दुकानात नाही. तुझ्यासमोर कधी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर तू माझ्याच खांद्यावर लुगडं टाकलं असतं.

मग तुझे गुडघे गेले, पाठ गेली, बाजार बंद झाले. म्हणजे तू म्हणायची बंद झाले, मी म्हणायचो थांबले आहेत. हाच आपला झगडा. बाकीचे सारे झगडे याच्याच पोटातले.

गाडी मी ठेवली. सुनील म्हणाला, बाबा विकून टाका. मी त्याले म्हटलं, तुझी माय दवाखान्यात कशानं जाईल? तो म्हणाला, माझी कार आहे. मी म्हटलं, कार तुझी आहे. मागचा बाक माळ्यावरून काढून परत बसवला, तुले बसायले. पण गाडी एका बाजूनं वाकली होती. गॅरेजवाल्या रफीकनं खाली घुसून पाहिलं आणि चटईसकट बाहेर आला. म्हणाला, "काका, कमानीचे पट्टे तुटले, आणि शॉकअपमधलं तेल कवाच वाहून गेलं. गाडी काय, अल्लाच्या भरोशावर चालून राहिली." मग त्यानं विचारलं, "नवीन कोणती लावू? सवारीची का लोडची?"

ज्यायले गाडीचं काही समजत नाही त्यायच्यासाठी सांगतो. कमान म्हणजे लोखंडी पट्टे एकावर एक बांधलेले, चाकाच्या वर. माणसं बसवायची तर पट्टे कमी, कमान मऊ. माल वाहायचा तर एक जाड पट्टा जास्तीचा. मग कमान कडक होते, माल असला तर छान, रिकामी असली तर हाडं खिळखिळी करते. शॉकअप नवा लावला तरी तो तरी काय करणार.

मी म्हटलं, लोडची.

तू गॅरेजातल्या स्टुलावर बसून चहा पिऊन राहिली होती. कप खाली ठेवला. "लोड कशाचा? माझा?"

"गाडी लोडची आहे तर कमान लोडचीच लागते."

"अवो, गठ्ठे कुठं आहेत? तुम्हाले म्हाताऱ्या बाईले न्यायचं आहे का सिमेंट?"

"उद्या माल भरायचा म्हटलं तर?"

"कोण बसणार बाजारात? तुम्ही? तुम्हाले तर गिऱ्हाइकानं भाव विचारला तर राग येते."

रफीक मधात उभा. हातात पाना. त्याले दोघंही म्हणत होतो, "तूच सांग गा." तो म्हणाला, "मेरे घर मे भी येईच चलता, मले नोका विचारू." मी उठलो आणि नवे बोल्ट आणायले बाजारात निघून गेलो. आलो तर तू म्हणाली, टाका लोडची. एवढ्या लवकर तू माझ्यापुढं कधी हारली नव्हती. मले तेव्हाच समजायले पाहिजे होतं. पण जिंकलेला माणूस काही विचारत नाही.

जुने बोल्ट गंजून एक झाले होते. रफीकनं रात्रभर रॉकेलमध्ये भिजवले तरी दोन निघाले नाहीत, छिन्नीनं तोडले. दुसऱ्या दिवशी नवी कमान चढली, नवे शॉकअप लागले, काळे चकचकीत. तू हात लावून पाहिलं, हाताले तेल लागलं, ते माझ्या पायजम्याले पुसलं. शेवटी गाडी जॅकवरून उतरवली तर मागून वीतभर उंच उभी. जशी काही आता उडी मारते. रफीक म्हणाला, बुशचे, म्हणजे कमानीच्या टोकातल्या रबराचे बोल्ट असे कसता येत नाहीत, गाडीत वजन पाहिजे, कमान दबली की मगच कसायचे, नाहीतर बुश पिळते. मग म्हणाला, काकी, तुम्ही बसा. तू चढली, मी खालून ढकललं, कारण गाडी उंच. तू एकटी बसली तर कमान हललीसुद्धा नाही. गॅरेजात एक बाई आपल्या नवऱ्याची स्कूटर घेऊन आली होती, तिले बोलावलं. बाजूच्या पंक्चरवाल्याची बायको आली. तिघी बसल्या, कमान दबली, बोल्ट कसले. मधल्या वेळात तुम्ही तिघींनी एकमेकींच्या सुनांचं सारं काढलं. रफीक खालून म्हणाला, "काकी, झालं, उतरा." तू म्हटलं, "थांब गा, हिची गोष्ट राहिली."

तिथंच तुझ्या डोक्शात आलं असंल.

घरी येताना गाडी रिकामी आणि कमान नवी. अशी उसळली की तू बाकावरून दोनदा सीलिंग पाहून आली. मी आरशात पाहत होतो. मले वाटलं आता शिव्या येतात. तू हसून राहिली होती, पदर तोंडाले लावून. म्हटलं, "घोड्यावर बसवलं मले या वयात. लग्नात तुम्ही बसले होते, आता माझी पाळी."

मी म्हटलं, बसेल कमान आपोआप, चालली की. तू म्हटलं, ती बसेल तोवर मी उठीन.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात निघालो तर कमलाबाई आणि शेवंताबाई दारात तयार. मी म्हटलं, तुमची पण तब्येत बरी नाही का? तू म्हटलं, "त्यायची चांगली आहे. त्या वजनाले येऊन राहिल्या." दोघींले तू मागच्या चाकाच्या बरोबर वर बसवलं. शेवंताबाई भरभक्कम, कमलाबाई काडी, म्हणून कमलाबाईच्या मांडीवर तांदळाचं पोतं द्यायले निघाली होती. ते मी बंद केलं. आणि खरं सांगतो, गाडी पाळण्यासारखी चालली. जशी गठ्ठे भरल्यावर चालायची.

मग महिनाभर हेच चाललं. तुझा दवाखाना, तुझी भाजी, तुझ्या बहिणीच्या नातवाचं बारसं. बारशात यजमानीणबाईनं विचारलं, या दोघी कोण? तू म्हटलं, माझ्या कमानीच्या आहेत. त्यायले पहिले चहा दिला. कमलाबाईचा मालक तर मले म्हणाला, "दादा, आमची बाई लग्नानंतर इतकी फिरली नाही. लोडची कमान चांगली चीज आहे." मले वाटलं मी जिंकलो. तुले वाटलं तू. दोघंही खूष, झगडा चालूच, तुझं रोजचं "काढा तो पट्टा" काही थांबलं नाही.

आता ते सांगतो जे तुले सांगितलं नाही. सवारीची कमान लावली म्हणजे बाजार संपला, असं माझ्या डोक्यात होतं. बाजार संपला म्हणजे तू बरी होत नाही हे मी मान्य केलं. जाड पट्टा खाली आहे तोवर गठ्ठे भरायचे आहेत, गठ्ठे भरायचे आहेत म्हणजे कोणीतरी मागच्या दारात पाय सोडून बसणार आहे. मी काही शिकलेला माणूस नाही, मले हे असं बोलता येत नव्हतं. म्हणून म्हणत होतो, गाडी लोडची आहे तर कमान लोडचीच लागते. ते काही खोटं नव्हतं. पण तेवढंच नव्हतं.

तू गेल्यावर तिसऱ्या दिवशी तुझ्या अस्थी खाप्याले न्यायच्या ठरल्या. तुझं माहेर, तुझी कन्हान नदी. सुनील म्हणाला, बाबा, माझ्या कारमध्ये नेऊ, आरामात जाईल. मी म्हटलं, तुझी माय आपल्या गाडीत जाईल. तो म्हणाला, बाबा, त्या गाडीत मडकं फुटंल रस्त्यात. बरोबर म्हणाला पोरगा. सावनेरचा रोड, आणि गाडी रिकामी. मी अंगणात उभा राहिलो. मले तेव्हा पहिल्यांदा रडू आलं, खरं सांगतो. जाळताना नाही आलं. बाई गेली ते गेली, आता तिले शेवटचं न्यायचं तर तेही आदळत.

तेवढ्यात शेवंताबाई पांढरं लुगडं नेसून आली आणि सरळ गाडीत चढायले लागली. मागून कमलाबाई. तुझा भाऊ म्हणाला, "बाया नदीवर येत नाहीत अस्थीले. आपल्यात नाही."

शेवंताबाई म्हणाली, "आम्ही बाया म्हणून नाही येऊन राहिलो. वजन म्हणून येऊन राहिलो."

"म्हणजे?"

"तुम्हाले नाही समजायचं. तुम्ही पुढं बसा."

तो पुढं बसला. मग गल्लीतल्या अजून दोघी आल्या. कुठं कुठं बसायचं ते कमलाबाईनं सांगितलं, तुझ्याकडून शिकलेली. मडकं शेवंताबाईच्या मांडीवर, लाल कापडात. मी गाडी काढली. गिरजा, खापा येतपर्यंत एक दचका लागला नाही. मोठे स्पीडब्रेकर आले, मी आरशात पाहायचो, मडकं जागच्या जागी. मागं या चौघी तुझ्याच गोष्टी करून राहिल्या होत्या. तू कोणाले काय म्हटलं, कोणाची कशी फजिती केली. पाटणसावंगीच्या पुढं तर हसायलेच लागल्या. तुझा भाऊ मागं वळून पाहायचा. शेवटी तोही हसला, मग रडला, मग त्यानं रुमाल काढला.

नदीले पाणी होतं. सुनीलनं सोडल्या अस्थी. चौघी बाया वर काठावर ओळीनं बसल्या होत्या, पाय सोडून. मी पाण्यात उभा राहून त्यायच्याकडं पाहिलं. मले वाटलं, बाजार भरला.

येताना त्या थकून झोपल्या. गाडी मऊच चालली, पण माझ्या डोक्यात एक गोष्ट पक्की झाली. कमान बरोबर होती. माल नव्हता. आता येणारही नाही. किती दिवस शेजारच्या बायायले घराबाहेर काढून मी माझी गोष्ट खरी करत राहू.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा न पिता गाडी रफीककडं नेली. तो शटर उघडून राहिला होता. मले पाहिलं आणि आत गेला. जॅक आणला, मागं लावला, चाक काढलं आणि खाली घुसला. मी म्हटलं, "अबे, काय करायचं ते विचार तर."

"पट्टा काढतो, काका."

"मी सांगितलं का?"

तो खालूनच बोलला. "काकी सांगून गेल्या. तुम्ही बोल्ट आणायले गेले होते तेव्हा. म्हणाल्या, आज लोडचीच लाव. त्यायले वाटते मी अजून बाजारात बसीन, वाटू दे. एक दिवस स्वतःच येतील गाडी घेऊन. तेव्हा काही विचारू नोको, मुकाट्यानं काढून दे."

मी तुझ्या त्या स्टुलावर नाही बसलो. बाहेर दगडावर बसलो. म्हणजे तुले सारं माहीत होतं वं. माहीत होतं तर रोज भांडली काहून? रोज म्हणायची, काढा तो पट्टा, काढा तो पट्टा. आता समजते. तू थांबली असती तर मी समजून गेलो असतो की तू हारली नाही, बाजारच सोडून दिला आहे. भांडत राहिली म्हणून मले वाटत राहिलं की बाजार अजून आहे. मोठी हुशार बाई होती तू. मी तुले हे कधी म्हटलं नाही, तर आता म्हणून ठेवतो.

संत्रं मात्र गोड होतं.

पट्टा निघाला. रफीक म्हणाला, याचं काय करू? मी म्हटलं, कोणी माल वाहणारा आला तर त्याले लाव. मी मागं बसलो, कमान माझ्या एकट्याच्या वजनानं दबली. बोल्ट कसले. गाडी चार बोटं खाली बसली, माणसाच्या गाडीसारखी. गल्लीत आलो आणि कमलाबाईच्या दारासमोर हॉर्न वाजवला. ती बाहेर आली, म्हणाली, "कुठं जायचं, दादा? शेवंताले हाक मारू?"

मी म्हटलं, "तुमच्या डोळ्याचं दाखवायचं कवाचं राहिलं म्हणत होत्या ना. चला. एकट्या बसल्या तरी चालते आता."

"एकटी काहून," कमलाबाई म्हणाली आणि तिथूनच शेवंताबाईले आवाज दिला. दोघी आल्या. पायरी चढायले ढकलायची गरज पडली नाही. दार लावलं, त्यायच्या गोष्टी सुरू झाल्या, आणि मी गाडी दवाखान्याच्या रस्त्याले घेतली.